दुसऱ्या गेटजवळ, सीझन नसताना

लीग संपून एकवीस दिवस झाले.
मॅच नाही म्हणूनच आम्ही आता जास्त बोलतो.
टिळकवाडीचं दुसरं गेट पडलं, की
अडकलेली माणसं स्कूटर बंद करतात
आणि सुभान्याच्या चहाच्या गाड्यावर येऊन
न झालेल्या मॅचचे गोल मोजतात.

"गोव्यानं तो घानाचा उंच बॅक उचलला म्हणे."
"उचलला न्हवं, नुसतं बोलूलालेत."
"मेडिकल झालंय, मर्दा!"
"खरं गुडघ्याचं काय? गुडघा कुणी बघितला?"
हा इनास बार्देस्कर.
पंच्याऐंशी साली कॅम्पातल्या मैदानावर
त्याचा स्वतःचा निखळला, तेव्हापासून
जगातला प्रत्येक करार
तो गुडघ्यावरून वाचतो.

बसगौडा हिशोबाचा माणूस.
बँकेत कन्नड, गेटवर मराठी,
रेफ्रीला शिव्या मात्र कोकणीत.
"चार कोटी लई झाले की ओ," तो म्हणतो,
"एवढ्यात आमच्या गल्लीच्या टीमला
शंभर वर्षं बूट."
इम्तियाज सौदागरला कोटी चालतात,
त्याला लोन कळत नाही.
"माणूस लोनवर देतात म्हंजे काय?
व्याज कोण भरतंय?"
बसगौडा बशीत फुंकर घालत म्हणाला,
"आपण न्हाई का, छप्पन सालापासून..."

सगळे हसलो. शट्टुप्पासुद्धा.
हा विनोद आमच्याकडं जुना आहे,
मोर्चाला जाऊन आलेली माणसं हसतात,
कधीच न गेलेलीही.
मग थोडा वेळ
कुणी कुणाकडं बघत नाही,
सगळे रुळांकडं बघतात.

मालगाडी लोंढ्याकडं निघाली होती.
डबे मोजायची आम्हाला लहानपणापासून खोड.
छत्तिसाव्या डब्याला
इम्तियाजच्या मोबाईलवर नवी यादी आली.
वरच्या लीगची नव्हे.
खालच्या लीगमधला एक क्लब,
ज्याचे निम्मे पाठीराखे घरचेच असतील,
सहा खेळाडूंचे आभार मानत होता.
पुढील वाटचालीस शुभेच्छा.
सहा फोटो, सहाही जणांच्या हातांची घडी.

इम्तियाज मोठ्यानं वाचत होता.
चौथ्या नावाला अडखळला.
नाव चुकलं होतं, काकतकरचं काकोडकर केलेलं,
खरं भुवईवरची ती टाक्यांची खूण
आम्ही सगळ्यांनी ओळखली.
पोरगं गटारीच्या फरशीवर आपटलं होतं,
बॉल अडवताना. रिक्षा मी आणली होती.

"पुढं वाच की," शट्टुप्पा काकतकर म्हणाला.
"नेट गेलं, काका."
"व्हय? गेलं?"
त्यानं कप पालथा घातला,
तळाशी काही उरलं नव्हतं तरी.

गेट उघडलं. मागून हॉर्न सुरू झाले.
घानाचा बॅक, चार कोटी, व्याज,
सगळं पुलाखालच्या पाण्यासारखं कुठंतरी गेलं.
शट्टुप्पानं पाच चहांचे पैसे दिले,
सुटे, मोजून,
आणि स्कूटरच्या हुकाला लावलेली पिशवी चाचपली.
आत बुटांचं खोकं होतं,
त्यावर दुकानाचं बिल रबरानं बांधलेलं.

"आठ नंबर," तो कुणालाच न सांगता बोलला.
"एकदा मातीला लागले की परत घेत न्हाईत म्हणे."

मग त्यानं एक बूट बाहेर काढला.
नवं कातडं, खाली पांढरे स्वच्छ स्टड.
गेटच्या खांबाशी वाकला
आणि तिथल्या तांबड्या मातीत
तो बूट दाबला,
शिक्का मारावा तसा, अंगठ्याचं बळ लावून.

मागचा टेम्पोवाला ओरडत होता, कन्नडमध्ये.
बसगौडानं त्याला हातानं थांबवलं.

इनासनं घसा खाकरला.
"गुडघा चांगलाय त्याचा," म्हणाला.